चापटीची जागा

ते माझ्याकडे एकदाच आले, पण कॉम्प्युटर लावताना रोज आठवतात.

बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या घरी बसून मी लग्नपत्रिका बनवते. त्या दुपारी एक पत्रिका छापायला जायची होती आणि कॉम्प्युटर काही केल्या चालू होईना. शेजारणीने तिच्या ओळखीतले, जवळच्या उत्तन गावचे कॉम्प्युटर मेकॅनिक पाठवले. पन्नाशीचे, शांत. स्क्रूड्रायव्हर, पक्कड सगळं जेवणाच्या स्टीलच्या डब्यात.

मला वाटलं, आल्या आल्या खोलतील. ते खुर्ची ओढून बसले.

"ताई, रोज कसा चालू करता, तसा करून दाखवा."

मी बटण दाबलं. आतला पंखा जरासा फिरून थांबला. मग मी कॉम्प्युटरच्या डाव्या बाजूला दोन चापट्या मारल्या आणि परत बटण दाबलं. परत तेच.

"दाबताना ओठ हलले तुमचे. काय बोललात?"

"चल बाबा," मी ओशाळून सांगितलं.

ते हसले नाहीत. "चापट्या रोज तिथंच?"

"दुसरीकडे मारून उपयोगच होत नाही."

"मग रोग तुम्हाला ठाव हाय. औषध तेवढं ठाव न्हाय."

स्विच बंद करून त्यांनी झाकण काढलं. चापटीच्या जागेमागे एका जाड वायरचा प्लग सैल झाला होता. त्यांनी तो उपसला, फुंकर मारली आणि टक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवला.

त्यांनी स्विच परत चालू केला. मग त्यांचं बोट बटणाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. माझ्याकडे न बघता ते हळूच पुटपुटले, "चल बाबा."

पंखा फिरतच राहिला.