आबांची जागा

माझा प्रबंध समुद्र नसलेल्या देशांवर होता. शेजाऱ्याच्या जमिनीतून बंदरापर्यंत माल न्यायचा हक्क अशा देशाला कितपत असतो, या एका प्रश्नावर मी बरीच वर्षं घालवली. नोकरीही त्यातच लागली: आंतरराष्ट्रीय कायदा, वाटाघाटी, तंटे मिटवण्याचं शास्त्र. घर परभणीत आहे, सुट्टीत तिथे असते. नातेवाइकांना माझं काम समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे. "दोघांचं वाजलं की ही मधी बसती," असं माझी धाकटी मावसबहीण लोकांना सांगते, आणि तेवढं पुरतं.

तिनेच मला त्या उन्हाळ्यात बोलावलं. ती राणीसावरगावच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हयातीतच दोन मुलांना रान वाटून दिलं होतं. सडकेकडचं थोरल्याला, आतलं धाकट्याला, आणि आतल्या रानात जायला थोरल्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडीवाट. सगळं तोंडी. आबा गेले, मग धाकटा, म्हणजे तिचा नवरा, गेला, आणि पुढच्या पेरणीला थोरल्या दिराने वाट नांगरून टाकली. वाट नाही म्हणून ट्रॅक्टर आत जात नव्हता, ट्रॅक्टर नाही म्हणून रान पडीक, आणि रान पडीक म्हणून ती दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची.

"ताई, औंदा मला जायचं न्हाई," ती फोनवर म्हणाली. "कंबर गेली माझी. वाट तेवढी सोडव."

मला हसू आलं. हा तर समुद्र नसलेला देशच होता.

बैठक दिराच्या पत्र्याच्या ओसरीत भरदुपारी ठरली. मला पाहून दीर म्हणाला, "या म्याडम. देशादेशाचे भांडणं मिटवून थकल्या असताल, आता आमचा धुरा."

"थकत न्हाईत त्या," माझी बहीण दारातून म्हणाली. "तुमच्यासारखे लय बघितलेत."

मी बसण्याची मांडणी पाहत होते. ती माझी सवय. दीर प्लास्टिकच्या खुर्चीवर, बहीण दाराशी, भावकीतले चारदोन पुरुष भिंतीला टेकून, कोपऱ्यात आबांची म्हातारी बहीण, जिला सगळे आत्या म्हणतात. मधल्या खांबापाशी घडी घातलेली घोंगडी रिकामी होती. दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी तीच एक जागा. पाहुण्यासाठी टाकली असेल असं समजून मी तिच्यावर बसले.

माझ्या बहिणीने डोक्यावर पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. सकाळपासून ती उघड्या डोक्याने माझी थट्टा करत होती. दीर खुर्चीवरून उतरला आणि जमिनीवर बसला. आत्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"बसलास व्हय," त्या म्हणाल्या. "बस."

म्हातारीला नीट दिसत नसेल असं मला वाटलं.

"आबा," दीर बोलू लागला, "मोडली मी वाट. व्हय, मोडली."

तो माझ्याकडे बघत होता. मी थांबवलं नाही. जो समोर नाही त्याच्याशी बोलायला लावणं ही आमच्या शास्त्रातली ओळखीची रीत आहे. माणूस न शिकवता ती वापरतो आहे, तर बरंच झालं, असा माझा हिशेब.

"अंथरुणात होते तवा तुमची घाण मी काढली," तो म्हणाला. "आन् जाताना नाव कुणाचं घेतलं? धाकट्याचं. वाट बी त्यालाच. मला कवा इचारलं का?"

"मग तुला काय पाहिजे होतं?" मी म्हणाले.

प्रश्न नेहमीचाच. पहिल्या वर्षाला मी तो सगळ्यांत आधी शिकवते. पण मी माझ्याहून मोठ्या माणसाला अरेतुरे केलं होतं, आणि मी विद्यार्थ्यांनाही अहोजाहो करते. शिवाय उजवा गुडघा उभा करून त्याला हातांची मिठी घालून बसले होते. तो गुडघा दुखतो, मी तसं कधीच बसत नाही. दीर त्या गुडघ्याकडे बराच वेळ बघत होता.

"काई नको," तो शेवटी म्हणाला. "एकडाव माझं नाव घ्यायचं होतं. देतो वाट. ट्रॅक्टर जाईल एवढी देतो."

तेवढ्यात बाहेर माझ्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. काम झालं होतं. मी पर्स उचलली आणि उठले. आत्या तांब्या घेऊन माझ्याकडेच येत होत्या. "आगं, थांब!" त्या ओरडल्या. मग घोंगडीकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तू उठलीस. तो कुठं उठला?"

गाडीपर्यंत येता येता बहिणीने सांगितलं. या भावकीत वाटणीचं बोलणं वाटणी करणाऱ्याशिवाय होत नाही. तो मेलेला असेल तर त्याची घोंगडी टाकतात. तिच्यावर कुणी बसत नाही. शेवटी कडेला पाणी सोडून "झालं, जावा आता" म्हणायचं, की तो जातो. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं असं कुणाला ठाऊकच नव्हतं. "मग सोडा पाणी," मी म्हणाले आणि परभणीला आले.

पावसाळ्यात बहिणीचा फोन येत राहिला. ट्रॅक्टर आत गेला, सोयाबीन पेरलं, चांगलं आलं. दसऱ्यानंतर दिराचा फोन आला. थट्टा संपली होती.

"म्याडम, घोंगडी तिथंच हाय. पोरं वळसा घालून जायलेत. बायको सकाळ-संध्याकाळ चहा ठिवायली पुढं. मला माझ्या घरात खुर्चीवर बसता येईना. आत्याच्या हातानं पानी सोडून बघितलं, काई फरक न्हाई. ज्याच्या अंगानं बसले त्यानंच उठवायचं, आत्या म्हणती. येऊन घेऊन जा त्यायला."

गेले. बहीण मला फाट्यावरच गाठून शेताकडून घेऊन गेली. वाट रुंद होती, चाकोऱ्या पडलेल्या. अर्ध्यात ती थांबली. पदर डोक्यावरच होता.

"पानी सोडू नका," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "ते बसलेत तवर वाट हाय. उठले की ह्यो दुसऱ्या दिशी नांगर घालतो. मग माझा कोयता हायेच."

तिचं म्हणणं कायद्याला धरून होतं. करार टिकतो तो हमी देणाऱ्याच्या धाकाने, आणि हमी देणारा निघून गेला की काय होतं ते मी दरवर्षी शिकवते. पण दुसऱ्याच्या ओसरीत कायमचा हमीदार बसवून ठेवणं मला मान्य नव्हतं. मी दिराला म्हणाले, "आधी तहसीलमध्ये वाटेची संमती लिहून दे, मग पाणी." परत अरेतुरे झालं. तो उठून गाडीत बसला. गंगाखेडला जाऊन त्याने सही केली, अर्जाची पोच मी बहिणीच्या हातात दिली, आणि आम्ही परत आलो.

घोंगडी खांबापाशी होती. तिच्यापुढे चहाचा कप होता. मी कडेला पाणी सोडलं आणि म्हणाले, "झालं, जावा आता."

कुणीच घोंगडीकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी दाराकडे निघाले तसा दीर उठून बाजूला सरकला, आत्यांनी हात जोडले. सगळ्यांनी मला वाट दिली. एका माणसाला लागते त्याहून जरा जास्त.

मागे दिराने घोंगडी झटकून दोरीवर टाकल्याचा आवाज आला.

शेतातली वाट शाबूत आहे. बहिणीने कोयता आढ्याला खोचून ठेवला आहे. कंबर दाखवायला ती परभणीला येते तेव्हा माझ्याकडेच उतरते. दारात चपला काढल्या की पदर डोक्यावर घेते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अंग चोरून बसते. ताई म्हणत नाही.

"अगं, मीच आहे," पहिल्या खेपेला मी वैतागून म्हणाले.

"ठावं हाय," ती म्हणाली, उठली आणि चहाचे तीन कप मांडले.

घरात आम्ही दोघीच होतो. दर खेपेला तिसरा कप निवतो, मग मी तो ओतून देते.