कापसातली कात

घरात सापाची कात सापडली तेव्हा तुम्ही ती हातात घेऊन कधी नीट पाहिलीत, की काठीने ढकलून मोकळे झालात? आमच्या शिरड शहापूरच्या बाजूला तिसरीही एक रीत आहे. कात अलगद उचलायची, हळदकुंकू लावायचं आणि लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवायची. घरात बरकत राहते म्हणतात.

आमच्या घरात बरकतीला जागा नव्हती, कारण सगळी जागा पत्रकांनी अडवलेली. बाबा पत्रकं लिहायचे आणि वसमतहून छापून आणायचे. आई ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची आणि मी ती पत्रकं एसटीच्या थांब्यावर, गिरणीच्या भिंतीवर चिकटवत फिरायचे. हुंडा, दारू, बुवाबाजी, असे विषय. सापांचं पत्रक माझं सगळ्यांत लाडकं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारी चित्रं बाबांनी स्वतः काढलेली. त्यांचा नाग रागावलेल्या मास्तरासारखा दिसायचा आणि घोणस दोरखंडासारखी. तरी मला ती अजून डोळ्यांसमोर दिसतात. गावातली एकही भिंत तेव्हा मला परकी वाटत नव्हती.

आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे राहायला गेले. आत्याच्या घरी दोनच खोल्या, एक स्वयंपाकाची आणि एक बाकी सगळ्याची. दिवाळीनंतर त्या दुसऱ्या खोलीत अर्ध्यापर्यंत कापूस भरलेला असायचा. पाय रोवून त्यात उडी मारली की गळ्यापर्यंत बुडायचं, नाकात बोंडाच्या काड्यांचा कोरडा वास जायचा आणि आत्या ओरडायची, "बाहीर निघ, म्हशे, दाबून टाकला समदा!" तो वास आता कुठे येत नाही. आता कापूस शेतातूनच गाडीत जातो.

त्या वर्षी मात्र उड्या बंद होत्या. आत्याची मुलगी, माझी ताई, पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिची बाज त्याच खोलीत कापसाशेजारी टाकलेली. बाळ सहा दिवसांचं. ताईला हवं-नको बघायला आत्याही रात्री तिथेच असायची. आत्याचे यजमान रानडुकरांपासून पीक राखायला शेतावर मुक्कामाला.

एका सकाळी आत्या उशीत भरायला कापूस काढायला गेली आणि हातात वीतभराहून लांब, पांढरी, फडफडणारी कात घेऊन बाहेर आली. तोंडभर हसत म्हणाली, "लेकराच्या पायगुणानं लक्षुमी आली बघ घरात."

मी पत्रकावर वाढलेली. मी तिथेच भाषण सुरू केलं. कात आहे म्हणजे साप आहे, तो विषारी असू शकतो, बाज आत्ताच्या आत्ता हलवा, हे सगळं अंधश्रद्धेपायी चाललंय.

"काहून वरडून राहिली गं? तुह्या बापानं छापलं म्हणून समदी लांबडी इखारी झाली का?"

"पण बाळ आत आहे, आत्या!"

"बारा दिवस व्हईस्तोर बाळंतिणीची बाज हालत न्हाई. आमी काय लेकरं वाढवली न्हाईत? तूबी ह्याच खोलीत लोळली."

तिने कात पदरात गुंडाळली, पेटीत टाकली आणि झाकण आपटलं. आत ताई बाळाला पाजत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, पण आईपुढे ती काय बोलणार?

मी बाबांना फोन केला. वाटलं होतं, ते चिडून निघून येतील. ते उलट मलाच म्हणाले, "भाषण ठोकलंस ना? आता ती बाज खिळा ठोकल्यासारखी बसली. आत्याला सांगू नकोस. कात तिच्या हातात दे." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी पत्रकात नव्हती. मण्यारीच्या पाठीवर, बरोबर मधोमध, खवल्यांची एक ओळ इतरांपेक्षा मोठी असते आणि ती कातीतही उमटते. धामणीच्या पाठीवर तशी ओळ नसते. "झाडावरच्या मांजऱ्या सापालाही असते म्हणा, पण घरात शंका आली तर मण्यारच समजायची."

आत्याला मोतीबिंदू झाला होता. तरी तुरीच्या डाळीतला खडा ती बोटाने शोधायची, न बघता. दुपारी ती सूप घेऊन बसली तेव्हा मी म्हशीच्या गोठ्यात नेहमी दिसणाऱ्या धामणीची जुनी कात आणली आणि तिच्याजवळ बसले.

"आत्या, सकाळी चुकलं माझं. पेटीतली कात काढ ना. दोन्हींवरून बोट फिरव. मला समजत नाही."

"आता काहून समजत न्हाई? शाळेत शिकून राहिली ना?" असं म्हणत तिने पेटी उघडली. आधी गोठ्यातली कात चाचपली. "ह्या समद्या बराबर." मग दुसरी. बोट मानेकडून शेपटीकडे गेलं, थांबलं, परत मानेकडे आलं.

"मधी एक वळ मोठी हाय. तुरीच्या रांगेत हरभरे बसवावे तशी."

"अशी ओळ मण्यारीची असते," एवढंच बोलून मी थांबले. आयुष्यात क्वचित जमलेली गोष्ट.

आत्याने सूप बाजूला सारलं. "धर बाजेचं ते टोक."

"आणि बारा दिवस?"

"बारावा दिवस बघाया लेकरू पायजे ना आदी!"

बाज स्वयंपाकघरात गेली. जवळा बाजारचा एक साप पकडणारा माणूस फोनवर म्हणाला, सकाळी येतो. बाज आणि चुलीच्या मधल्या जागेत मी सुट्टीला येताना घरून आणलेली घडीची खाट कशीबशी लावली. मधल्या दाराच्या फटीत पोतं कोंबलं. आम्हाला वाटलं, सगळं केलं.

सकाळी तो माणूस आला आणि लोखंडी आकड्याने कापूस थराथराने ओढू लागला. अगदी तळाशी, भिंतीलगत, ती होती. काळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीने. तिला बरणीत घेऊन झाकण लावल्यावर त्याने त्या जागेपासून हातभर अंतरावरची गोधडी पाहिली.

"इथं कोन झोपलं व्हतं?"

"मी," आत्या म्हणाली. "तिकडं जागा कुठं व्हती? आन कापूस कोन राखनार?"

ताई रडायला लागली. बाळंतीण हलवली, बाळ हलवलं, पाहुणी आलेली मी खाटेवर झोपले. जिच्या बोटांनी साप ओळखला, ती जमिनीवर त्याच्या शेजारी झोपली आणि कुणाच्याही मनात ते आलं नाही. माझ्याही नाही. तिलाही ते वावगं वाटलं नव्हतं, याचाच मला आजही सगळ्यांत जास्त राग येतो.

आत्या आज ठणठणीत आहे आणि मला अजून म्हशेच म्हणते. पण मण्यारीचा दंश बहुतेकदा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणतो, पापण्या जड होतात, आणि घरचे ओवा देत बसतात. अशा वेळी ओवा नाही, मंत्र नाही, थेट सरकारी दवाखाना. आणि त्याच्याही आधी एक काम करा. आज अंथरुणं पडतील तेव्हा तुमच्या घरात जमिनीवर कोण झोपतं ते बघा. बहुतेक घरांत ती घरातली थोरली बाई असेल आणि ती म्हणेल, मला खालीच बरं वाटतं. तिचं ऐकू नका. तिला बाज द्या, वर मच्छरदाणी लावा, आणि जाळीच्या कडा गादीखाली तुम्ही स्वतः खोचा.