काजळगडाचा वेढा आणि सुशीलामावशी

मावशी गेल्याचं बाबांनी वसतिगृहाच्या फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला... मागे मुली रांगेत उभ्या होत्या. त्याला महिना होऊन गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिच्यावर काहीतरी लिही, असं तिचा भाचा माधव तेव्हापासून म्हणतो आहे, आणि मी टाळत होते.

सुशीलामावशी लोणावळ्यात आमच्या शेजारी राहायची, माहेर औंढ्याचं. शाळेचे गणवेश शिवायची. ती माझं माप घेत असताना एकदा तिच्या मशीनवर मुलांचं एक मासिक उघडं दिसलं. त्यात काजळगडाच्या वेढ्याची क्रमशः गोष्ट येत असे. असा गड कुठेच नाही, अशी लढाई कधी झाली नाही. आमच्याकडे ज्याला त्याला खऱ्या गडांचं वेड, मावशीला मात्र हा खोटा गड. "लोहगडाचं काय झालं ते समद्यांना ठावं हाय," ती म्हणायची. "ह्येचं अजून व्हायचंय."

एका मोठ्या परातीत तिनं तो वेढा मांडला होता. रिकामी रिळं म्हणजे बुरूज, चिंचोके म्हणजे शत्रू, शर्टाची बटणं म्हणजे गडावरची माणसं आणि त्यांची सरदारीण तुळाई म्हणजे कोटाचं एक लाल बटण. नवा अंक आला की मावशी, माधव आणि मी परातीभोवती बसायचो. माझी शाळा इंग्रजी, मराठी वाचताना मी अडखळायचे; म्हणून मीच मोठ्यानं वाचायचं, असा तिचा हुकूम. एकदा "शत्रू नाळेतून वर चढला" असं वाचून मी थांबले. डोंगरातल्या घळीच्या वाटेला नाळ म्हणतात, हे मला कुठे ठाऊक?

"नाळ म्हणजे... बाळाची?"

माधव लोळून हसला. मावशीनं दातानं दोरा तोडला. "काय चुकलं रं तिचं? दोन्हीकडनं बाहेर पडताना डोस्कंच आधी काढावं लागतं."

त्या दिवसापासून मी तिच्याशी न लाजता बोलू लागले. बहुधा फक्त तिच्याशीच.

आमचे वाद कडाक्याचे. टाक्यातलं पाणी किती पुरेल, उकळतं तेल तटावरून कुठवर उडेल... माधवचा हट्ट एकच, तुळाईला मारा म्हणजे रंगत येईल. तो लाल बटणाकडे हात नेऊ लागला की मावशी पट्टी आपटायची. "छापून आल्याबिगर कुणी मरायचं न्हाई." हा परातीचा कायदा होता.

आणि मासिकच बंद पडलं. शत्रू दरवाजाशी, तुळाई तटावर एकटी. मी स्टेशनवरच्या स्टॉलवर कितीदा तरी विचारून आले. "तूच लिही की शेवट," माधव मला म्हणाला. मावशी म्हणाली, "नगं. उभी हाय तवर उभी ऱ्हाऊ दे." पुढे कित्येक वर्षं ती धूळ पुसताना एकेक चिंचोका उचलायची आणि परत जागच्या जागी ठेवायची.

परवा मावशीच्या घरी गेले तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती. परात तशीच होती.

"लिहिलंस?" माधवनं विचारलं.

"नाही."

"का गं?"

"छापून येईल."

त्यानं एक चिंचोका उचलला, पुसला आणि जागच्या जागी ठेवला. मग म्हणाला, "लिही. नाव तेवढं नीट छापायला सांग. चुकलेलं तिला खपायचं नाही."

परात आम्ही दोघांनी धरून आमच्या घरी आणली. ही पुरवणी हातात आली की मावशी गेली, हे कायद्यानं मला मानावं लागेल. लाल बटण तटावर आहे. त्याच्याबद्दल अजून काही छापून आलेलं नाही.