स्टेशनरस्त्यावरची फटफटी

केळीच्या सुकल्या पानांचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. फटफटी नुकतीच शिकलो होतो, आणि जळगावच्या स्टेशनरस्त्यावर केळ्यांनी लादलेल्या बैलगाड्यांची रांग उभी असायची. मला पाहताच पहिला गाडीवान ओरडायचा, “ओ भाऊ, बैल बुजतीन! बंद कर ती, ढकलत ने!” नवखा म्हणून मी मुकाट्याने उतरायचो आणि भर उन्हात, लोकांच्या हसण्यातून ते धूड ढकलायचो. एके दिवशी भोंगा वाजवत लॉरी गेली, तिला कुणी हटकलं नाही, आणि मागोमाग मला मात्र “उतर!” झालं. “नाही उतरत!” मी ओरडलो आणि फटफटी रांगेच्या कडेने सरळ नेली. एकाही बैलाने रवंथ करणं थांबवलं नाही. इतके दिवस बुजत होतो तो मीच, हे लिहितानाही झोंबतं.