संध्याकाळी सुटलेली बाई

रुक्माबाई आज सकाळी गेल्या.

त्यांच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "आमची बहीण जेलातच मेली," आणि फोन ठेवून दिला.

हो, जेल. नवऱ्याचा खून. बारा वर्षं.

मला त्या भेटल्या सेवाग्रामला. सुटून आल्यावर दवाखान्यात पेशंटजवळ बसायचं काम करायच्या. मी गुन्हेगारीशास्त्रात पीएचडी करत होते. हातात लांबलचक प्रश्नावली. लहानपण कसं होतं, राग किती येतो, नवरा मारायचा का.

त्यांनी सगळी उत्तरं दिली. मग विचारलं,
"मॅडम, सुटल्यावर काय झालं, हे तुमच्या कागदात काऊन नाई?"

सांगा म्हटलं.

"दिवस मावळताना सोडलं. भाऊ येईन म्हणून फाटकाजवळ उभी राह्यली. नाई आला. आमच्या अल्लीपूरची गाडी निघून गेलती. स्टँडवरच झोपली. तिघं होते. इतकंच लिहा."

मी इतकंच लिहिलं.

माझा अख्खा अभ्यास त्या उत्तरानं फिरला. सुटलेल्या बायका शोधत मी गावोगाव गेले. माझा रिपोर्ट वाचून एका तुरुंगानं बायकांना सकाळीच सोडायला सुरुवात केली. आधी घरी फोन. कोणी आलं नाही तर सोबत महिला शिपाई, थेट दारापर्यंत.

मला डॉक्टरेट मिळाली. मग नोकरी.

रुक्माबाईंना मी सेमिनारला न्यायचे. 'केस' म्हणून.

एकदा एका अधिकाऱ्यानं माइकवर विचारलं, "बाई, खून खरंच केला होता का?"
हॉल हसला. मी स्टेजवर होते. गप्प बसले.

त्या म्हणाल्या, "केलता साहेब. शिक्षा भोगली. त्याच्यानंतर जे झालं ते शिक्षेत नव्हतं. ते सांगाले आली."

परतताना गाडीत हळूच म्हणाल्या, "मले आता नका नेत जाऊ."

त्यानंतरही मी दोनदा नेलं.

आज बॉडी ताब्यात घ्यायला सही लागत होती. दवाखान्याच्या क्लार्कनं विचारलं, "तुम्ही कोण लागता यांच्या?"
मी म्हटलं, "ओळखीची."
"मग नाई जमत. घरचंच माणूस पाहिजे."

दुपारी भाऊ आला, तेही नाही आलो तर गावात पोलीस येतील या भीतीनं. सही केली. तोंड पाहिलं नाही. मला म्हणाला, "तुमच्याच कामाची होती. तुम्हीच पाहा आता."

त्यांच्यासोबत पेशंटजवळ बसणाऱ्या चौघीजणी ड्युटी सोडून आल्या. त्यांनीच खांदा दिला.
मी मागून चालले.

रुक्माबाई, तुमची माफी मागायची राहून गेली.
शेवटचा नमस्कार.