कापसाच्या गंजीवरचा कॅमेरा

जळगावबाहेरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये शेठनी सहा कॅमेरे लावले होते. त्यांतले चार खरे. उरलेल्या दोन नुसत्या पत्र्याच्या पेट्या, पुढे काच लावलेल्या. इंटरनेट तेव्हा आमच्याकडे फोनच्या तारेतून कण्हत यायचं, पण ऑफिसातले दोन कॉम्प्युटर केबलने जोडून ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान मी तयार केलं होतं. कॅमेऱ्याचा सिग्नल येत असला की त्याच्यापुढे हिरवा ठिपका, नसला की लाल.

दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त होता आणि पुढारी येणार होते. दोन लाल ठिपके बघून शेठचं तोंड उतरलं.

"हिरवे करा."

"पेटीत कॅमेराच नाही, शेठ."

"पाहुणे काय पेटी उघडणार आहेत?"

मी दोन ओळी बदलल्या. पुढाऱ्यांनी कॉम्प्युटरला हार घातला आणि एकविसाव्या शतकावर भाषण केलं. मध्येच वीज गेली, तरी ते शतक संपेना.

त्या पानावर मनापासून विश्वास बसला तो एकाच माणसाचा. शिंदखेड्याकडचे आबा, आमचे वॉचमन. कापसाच्या गंजीवर रोखलेली, खांबावरची पेटी त्या दोन खोट्यांपैकीच होती. दर फेरीला आबा तिच्यासमोर थांबत, टोपी सारखी करत आणि हात वर करत. दसऱ्याला तिचा हिरवा ठिपका मीच त्यांना दाखवला होता; आपली हजेरी लागते, अशी त्यांची खात्री होती.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती गंज पेटली. आबा फेरीवर नव्हतेच, बिडी ओढत बसले असतील, असं शेठनी पोलिसांना सांगितलं. आबा घाबरले नाहीत; कॅमेऱ्याने सगळं पाहिलंच असणार.

"कॅमेराले बठ्ठं माहीत शे," ते हवालदाराला म्हणाले. "टेप लावा."

शेवटी मीच शिडी लावून पेटी उघडली. आत विटेचा तुकडा होता, पेटी वाऱ्याने हलू नये म्हणून ठेवलेला.

आबा मग माझ्याकडे वळले.

"दसराले तुम्हीच दखाडं ना भाऊ, हिरवं व्हतं. आते काढी लिधा का? तुम्ही भी शेठना माणूस निंघनात."

कॅमेरा कुणी काढून घेतला नाही, तो मुळात नव्हताच, हे मी समजावू लागलो. हवालदार म्हणाला, "कॅमेरा नाही म्हणजे साक्ष नाही. चला आबा."

दुसऱ्या दिवशी आबांची सून माझ्या घरी आली. टेप माझ्याकडे आहे, असं आबांनी तिला कोठडीतून सांगितलं होतं. नाही म्हटल्यावर तिने वाद घातला नाही. दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिली.