नावानं हाक

लढाईवरून हे रहिमतपूरला परतले तेव्हा डोक्याची जखम भरून आली होती, पण डाव्या बाजूचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. लष्करी डॉक्टरानं सासऱ्यांना बजावलं होतं, अचानक कुणी जवळ गेलं की हा बिथरतो. आधी लांबून नावानं हाक मारा, मग जवळ जा. सासऱ्यांनी ते घरात सगळ्यांना सांगितलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता.

सासरे समोर बसलेले असायचे, म्हणून मी पदर ओढून भिंतीकडेनं, नेमकी ह्यांच्या डावीकडून जायची आणि चहाचा कप गुपचूप शेजारी ठेवायची. कप भिंतीवर फुटायचा. ताट अंगणात जायचं. एकदा तांब्या माझ्या कपाळावर बसला.

"ह्यो एक दिस सुनंला मारून टाकंल," सासरे म्हणाले. औंधच्या यमाईचा अंगारा लावून झाला होता. सोमवारी ह्यांना पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. तिथं गेलेला माणूस परत आल्याचं आमच्या आळीत कुणी ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात माझा पाय एका जागी ठरेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, भरलेली घागर ओतून पुन्हा आडावर जायची. भीती होतीच, पण राग जास्त होता. हे फक्त मलाच का मारतात? एवढा माझा तिटकारा?

रविवारी मी जोंधळे निवडत बसले होते. सासूबाई भाकरी घेऊन माझ्याच वाटेनं, डावीकडूनच गेल्या. पण उंबऱ्यापासून लेकाला नावानं हाका मारत गेल्या, आणि ह्यांनी मान वळवून निमूट भाकरी घेतली. सूप माझ्या हातात तसंच राहिलं. मारणारे हे, पण चोरासारखी जात होते मी! तरी त्या दिवशी जीभ रेटली नाही.

सोमवारी सकाळी बैल जुंपले. दोन चुलतदीर दोर घेऊन आले, तसे हे खुंटा उपसून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी चहाचा कप घेऊन चुलीपुढून उठले, सगळ्यांच्या मधून गेले, ह्यांच्या समोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं. एकदा, दोनदा.

"आगं बया! नवऱ्याचं नाव घेतीस? लाज हाय का?" सासूबाई ओरडल्या.

ह्यांनी खुंटा खाली टाकला. "हजर," म्हणाले. मी हातातला चहा पुढं केला. तो त्यांनी प्यायला, सगळा.

"बैल सोडा रं," सासरे म्हणाले.

हे बरे झाले असं नाही. रागवायचे, आदळआपट व्हायची. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र दिवसातून पन्नासदा ते नाव घ्यायची, भर आळीत.

माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. हाकेला 'हजर' म्हणायचे, माझ्याकडं बघायचे आणि विचारायचे, "तुमी कोन?" मी रोज सांगायची.